तसबिरीची चौकट आणि हौशी हात

मराठींत ‘तसबीर’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ चित्र एवढाच. पण आपल्या घरांत तसबीर म्हटली म्हणजे कांच, चौकट, पाठीमागचा पुठ्ठा आणि खिळ्याला अडकविण्याची कडी यांसह सगळी वस्तु डोळ्यांपुढें उभी राहते. भाषेनें चित्राची आणि चौकटीची अशी गांठ घातली असतांहि तसबिरीकडे पाहणारा मनुष्य चित्रकाराचें नांव विचारतो, चित्रांतील देवतेचें नांव विचारतो, फार तर चित्र कोठून आणलें तें विचारतो. चौकट कोणी केली, असें विचारलेलें मीं आजवर ऐकलें नाहीं. त्या न विचारलेल्या माणसाची विद्या काय होती, ती कोणाकडून कोणाकडे गेली, आणि ज्यांचा तो धंदा नाहीं अशीं माणसें ती हातानें शिकूं लागलीं तेव्हां काय झालें, एवढ्यापुरतेंच आज बोलण्याचें मीं योजिलें आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु घरोघरच्या भिंतींवरचीं साठ, ऐंशी, शंभर वर्षांचीं चित्रें राहणार कीं जाणार, हा प्रश्न ह्या किरकोळ विद्येशीं जोडलेला आहे.

सुटी चौकट ही फार जुनी वस्तु नव्हे. युरोपांत चवदाव्या-पंधराव्या शतकांत चित्रें लाकडी फळीवर काढीत, आणि फळी व तिची चौकट हीं बहुधा एकाच कारागिराच्या हातून एकाच वेळीं तयार होत. चौकटीसकट फळीवर पांढरा लेप चढे, सोन्याचा वर्ख बसे, आणि मग चित्रकार कामास लागे. त्या काळीं चौकटीचा मान केवढा होता, याचें मिलान शहरांतलें एक उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तेथील एका धार्मिक मंडळानें आपल्या वेदीसाठीं १४८० सालीं जाकोमो देल माइनो नांवाच्या काष्ठशिल्पकाराला मोठी कोरीव चौकट करावयास सांगितली. चौकटीचें काम झाल्यावर, १४८३ सालीं, तिच्यांत बसवावयाच्या चित्रांचा करार तीन चित्रकारांशीं झाला. त्यांपैकीं एक लिओनार्दो दा विंची. चित्रांखेरीज चौकटीवरील कोरीव कामाला रंग आणि सोनें चढविण्याचें कामहि ह्याच तिघांकडे होतें. खडकांच्या कपारींत बसलेल्या मेरीचें जें चित्र पाहावयास आज पॅरिसमध्यें आणि लंडनमध्यें गर्दी लोटते, त्याचा उगम एका तयार चौकटीची रिकामी जागा भरण्याच्या कामांत आहे. चौकट मात्र आज उरलेली नाहीं.

ह्या कामाची शाळा म्हणजे उस्तादाचें घर. चेन्नीनो चेन्नीनी नांवाच्या इटालियन चित्रकारानें १४०० च्या सुमारास कारागिरीवर एक पुस्तक लिहिलें, तें सुदैवानें उपलब्ध आहे. शिष्यानें किती वर्षें शिकावें याचा हिशेब त्यानें मांडला आहे: एक वर्ष रेखाटनाचें, पुढें सहा वर्षें रंग घोटणें, सरस शिजविणें, लेप दळणें, तो फळ्यांवर चढविणें, वर्ख लावणें यांत, आणि मग आणखी सहा वर्षें रंगकामांत. एकूण तेरा वर्षें, आणि सणाच्या दिवशींहि रेखाटन सोडावयाचें नाहीं! लेपाचीच गोष्ट घ्या. जिप्समचें बारीक पीठ पाण्यांत भिजवून महिनाभर दररोज ढवळावयाचें, म्हणजे त्याची घट्ट होण्याची खोड जाते आणि तें रेशमासारखें मऊ होतें. तें सरसांत कालवून एकावर एक निदान आठ हात द्यावयाचे. त्यावर अंड्याच्या पांढऱ्यांत कालविलेली तांबडी माती, मग वर्ख, आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें किंवा कुत्र्या-लांडग्याच्या सुळ्यानें घोटणें. हें सर्व त्यानें लिहून ठेविलें आहे. तरीहि नुसतें तें पुस्तक वाचून कोणी वर्ख घोटूं शकला असेल असें मला वाटत नाहीं. सरस किती कढत असावा, घोटण्याच्या वेळीं खालच्या मातींत ओल किती राहिलेली असावी, ह्या गोष्टी बोटांनाच कळतात. आणि बोटें शहाणीं होण्यास जवळ कोणीतरी जाणता उभा असावा लागतो.

दूरची गोष्ट झाली. आतां आपल्या नात्यांतली सांगतों. तंजावरास १६७५ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचें राज्य होतें. त्या मराठी दरबाराच्या आश्रयानें, आणि विशेषतः १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या सरफोजीराजांच्या काळीं, तंजावरी चित्रांची कला बहरली. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिकटविलेलें कापड, कापडावर खडूची भुकटी आणि डिंक किंवा चिंचोक्याची खळ यांचा लेप, तोच लेप जाड करून उठविलेले दागिने, त्यांवर सोन्याचा वर्ख आणि कांचेचे खडे, आणि ह्या सर्वांभोंवतीं जड लाकडाची चौकट. चेन्नीनीची कृति आणि ही कृति शेजारीं ठेविल्या तर घटक बदललेले दिसतात, विचार मात्र एकच. एकानें दुसऱ्यापासून उचल केली असें मी म्हणत नाहीं. लाकूड हालतें आणि सोन्याला गुळगुळीत आसन लागतें, ह्या अडचणी सर्वत्र सारख्याच असल्यामुळें त्यांवरचे उपायहि एकमेकांसारखे निघतात.

गोव्यांत तर युरोपीय चौकटीची विद्या प्रत्यक्ष येऊन पोंचली. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलांतील मुख्य वेदीमागचा सोनेरी कोरीव देव्हारा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना मीं अधिक सांगावयास नको. सेंट कॅथेरिनच्या चरित्रांतील प्रसंग त्या भव्य काष्ठकामाच्या चौकटींत बसविलेले आहेत. असल्या कामांवर हात कोणाचा होता? ख्रिस्ती मूर्ति आणि चित्रें हिंदु कारागिरांकडून करून घेऊं नयेत, असे निर्बंध सोळाव्या शतकांत गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांना घालावे लागले. मनाई करावी लागली, यावरूनच प्रघात काय होता तें उघड आहे.

असो. कापडावर तैलरंगांनीं काढलेलीं चित्रें प्रचारांत आलीं तेव्हां चित्र हलकें झालें, गुंडाळून गांवोगांव नेतां येऊं लागलें, आणि चौकट त्याच्यापासून सुटी झाली. सुटी झाल्यावर तिची कामेंहि वांटलीं गेलीं. एकानें पट्टी जोडावी, दुसऱ्यानें कोरावी, तिसऱ्यानें सोनें चढवावें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत कोरीव कामालाहि पर्याय निघाला. खडू, सरस, जवसाचें तेल आणि राळ यांचा कणकेसारखा गोळा कोरलेल्या लाकडी सांच्यांत दाबून फुलें-पानें पाडूं लागले. कोरणाराला जेथें आठवडा लागे, तेथें सांच्याला घटका पुरे. पुढें १८४५ सालीं ब्रिटिश सरकारनें कांचेवरचा कर काढून टाकला आणि कांच स्वस्त झाली. त्याआधीं सहाच वर्षें, १८३९ सालीं, छायाचित्रणाची कला जगापुढें आली होती. स्वस्त कांच, सांच्याची नक्षी आणि घरोघर होऊं लागलेलीं छायाचित्रें यांचा संयोग झाल्यावर चौकट ही श्रीमंतांची वस्तु राहिली नाहीं. चौकट करणाराची विद्या मात्र त्याच प्रमाणांत पातळ होत गेली. कारखान्यांतून तयार पट्टी येई; दुकानदारानें ती कापावी आणि ठोकावी.

महाराष्ट्रांत हा काळ चित्रांच्या छापखान्यांचा होय. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७८ सालीं चित्रशाळा काढली आणि देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं रंगीत शिळाछापाचीं चित्रें मराठी घरांत जाऊं लागलीं. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस आपला छापखाना सुरू केला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि कालांतरानें श्लायखर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतींनीं देशांतील किती भिंती भरल्या याची गणती कोण करणार! ज्या घरीं पूर्वीं चित्र म्हणजे सणावारीं दारावर काढलेलें किंवा देव्हाऱ्यांतल्या पोथींतलें, त्या घरीं आतां बैठकींत ओळीनें तसबिरी लागल्या. हौशी बायका देवीच्या छापील लुगड्यावर खऱ्या कापडाचे तुकडे, जर आणि टिकल्या चिकटवीत. हें काम चित्र चौकटींत जाण्यापूर्वीं घरींच होई. चौकट मात्र घरीं होत नसे. ती दुकानांतून येई.

हें असें कां, याचा विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे हाताचीं कामें जातींनीं वांटून घेतलेलीं. ज्याच्या घरीं लेखणी, त्याच्या घरीं रंधा नाहीं. आणि ज्याच्या घरीं रंधा, त्याला लेखणी मिळूं नये अशी व्यवस्था. लाकूड तासणें सुताराचें, सोनें चढविणें दुसऱ्याचें, चित्र चिताऱ्याचें. शिकलेल्या माणसाला पट्टी कापतां येत नाहीं याची त्यास लाज वाटत नसे. उलट कापतां आली असती तरच ती लपवावीशी वाटली असती. चौकटीसारखी साधी वस्तु ज्या घरांत चित्रांचें एवढें प्रेम त्याच घरांत कधीं बनली नाहीं, याचें खरें कारण अडाणीपणा नसून हा मानापमानाचा कोट आहे.

युरोप-अमेरिकेंत असा कोट नव्हता असें नाहीं. तेथें तो जातीचा नसून वर्गाचा होता. त्याला पहिलीं भगदाडें पडलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत. स्वीडनमधील नेस येथें आउगुस्ट आब्राहामसन नांवाच्या व्यापाऱ्याची जहागीर होती. त्याचा भाचा ओटो सालोमोन यानें तेथें शाळामास्तरांना लाकूडकाम शिकविण्याचे वर्ग चालविले. पाठ असे कीं विद्यार्थ्यानें सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे जावें, प्रत्येक वस्तु घरांत उपयोगी पडणारी असावी, आणि ती आरंभापासून शेवटपर्यंत त्याची त्यानेंच करावी. मास्तरांना सुतार बनविणें हा त्यांत हेतु नव्हता. हात आणि डोळा यांना अचूकपणाची संवय लागावी, एवढाच होता. उन्हाळ्यांत परदेशांतूनहि शिक्षक तेथें येऊं लागले.

अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या चार्ल्स लेलँड ह्या लेखकानें १८८१ सालीं शाळकरी मुलांसाठीं कोरीव काम, धातूचें ठोककाम वगैरे शिकविणारी शाळा काढली. त्याच्या लिखाणाचा आधार घेऊन इंग्लंडांत एग्लंटाइन जेब ह्या बाईंनीं आपल्या खेड्यांत कोरीव कामाचे वर्ग चालविले आणि १८८४ सालीं गृहकला व उद्योग यांसाठीं एक मोठें मंडळ उभें केलें. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही मुलांच्या साह्याची संस्था पुढें १९१९ सालीं ज्या दोघी बहिणींनीं काढली, त्यांच्या ह्या आई. त्याच १८८४ सालीं केझिक गांवीं हार्डविक रॉन्स्ली नांवाचे पाद्री व त्यांच्या पत्नी यांनीं संध्याकाळचे वर्ग सुरू केले. हिंवाळ्यांत ज्यांना काम नसे असे मजूर तेथें लाकूड कोरण्यास आणि तांब्यावर नक्षी ठोकण्यास शिकत. ती शाळा पुढें शंभर वर्षें, १९८४ पर्यंत चालली. मंडळाचीं वार्षिक प्रदर्शनें लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें भरत आणि घरांत करतां येण्याजोग्या वस्तु तेथें मांडल्या जात.

ह्या चळवळीवर टीका झाली नाहीं असें समजूं नका. सुखवस्तु बायांना वेळ घालविण्याचें एक साधन झालें, असें कांहीं म्हणत; हौशी लोकांचा स्वस्त माल धंदेवाइकाच्या पोटावर पाय देतो, असें दुसरे म्हणत. पहिल्या आक्षेपांत कांहीं तथ्य होतें. दुसरा आक्षेप चौकटीच्या बाबतींत तरी मला पटत नाहीं. हौशी मनुष्य एका चौकटीस चार दिवस लावतो. त्याच्याशीं स्पर्धा होण्याची भीति कोणत्याहि दुकानदारानें बाळगूं नये. उलट ज्यानें स्वतः एकदां चार कोन जुळविले आहेत, तोच दुकानांतल्या चांगल्या कामाची किंमत मुकाट्यानें देतो.

चित्रकारांतहि त्याच सुमारास चौकट हातीं घेण्याची ओढ दिसते. पिसारोसारख्या फ्रेंच चित्रकारांनीं १८७७ च्या आसपास सोनेरी चौकटी टाकून पांढऱ्या चौकटी वापरल्या. व्हिन्सेंट व्हान गॉग यानें १८८७ सालीं पॅरिसमध्यें लिंबें, नासपती आणि द्राक्षें यांचें एक पिंवळेंधमक चित्र काढलें आणि भोंवतालची साधी लाकडी चौकटहि त्याच पिंवळ्या रंगानें स्वतः रंगविली. ती चौकट आम्स्टरडॅमला त्या चित्रासह आजहि आहे. सोनें परवडत नव्हतें हें खरें. पण चित्र कोठें संपतें हें दुसऱ्यानें ठरवूं नये, हीहि भावना त्यांत असावी.

आपल्याकडे शिक्षणांत हाताला जागा देण्याचा मोठा विचार वर्ध्यास झाला. १९३७ च्या आक्टोबरांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योगाभोंवतीं गुंफलेल्या शिक्षणाची योजना आंखली. नेसचा आणि वर्ध्याचा धागा ओढून-ताणून जुळविण्याचा माझा आग्रह नाहीं. वर्ध्यापुढें दारिद्र्याचा प्रश्न होता, नेसपुढें तो त्या स्वरूपांत नव्हता. तथापि ब्राह्मणाच्या आणि सुताराच्या मुलानें एकाच बांकावर बसून एकच हत्यार धरावें, ही गोष्ट आपल्या देशांत नुसती शिक्षणपद्धति नव्हती. ती योजना पुढें सर्वत्र कां रुजली नाहीं, हा निराळा विषय आहे.

आतां अशा वर्गांत शिकावयाचें तें काय? इंग्लंड-अमेरिकेंत आज चौकटी करण्याचे एक-दोन दिवसांचे हौशी वर्ग ठिकठिकाणीं भरतात. आपल्याकडील मोठ्या शहरांतहि हौशी सुतारकामाचे वर्ग निघूं लागले आहेत. वर्गांत येणारी माणसें निवृत्त कारकून, शिक्षिका, डॉक्टर, कोणीहि असतात. बहुतेकांची समजूत अशी कीं करवत चालविणें अवघड आणि बाकीचें सोपें. पहिल्या दोन तासांत ती समजूत पालटते, कारण खरी अडचण मोजण्यांत निघते. समजा, चित्र ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. पट्टीच्या आंतल्या अंगास चित्र बसण्याची जी खाच असते, तिच्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत पट्टी ३ सेंटिमीटर आहे. तर बाहेरून दोन बाजू ३६ च्या आणि दोन ४६ च्या, म्हणजे एकंदर १६४ सेंटिमीटर पट्टी लागते. आणि कापतांना जाणारें लाकूड वेगळें. शिवाय खांच चित्राहून दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवावयाची, कारण पावसाळ्यांत पुठ्ठा आणि लाकूड दोन्ही फुगतात. नवशिका मनुष्य हटकून चित्राचेंच माप पट्टीच्या बाहेरच्या कडेवर घेतो आणि चौकट चित्राहून लहान होते.

दुसरी गोष्ट कोनाची. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यास दोन काप, म्हणजे आठ काप. प्रत्येक नेमका पंचेचाळीस अंशांचा पाहिजे. एका कापांत अर्धा अंश चूक डोळ्याला दिसत नाहीं. तीच चूक आठहि कापांत एकाच बाजूला झाली तर शेवटच्या कोपऱ्यांत ४ अंशांची फट उघडते. पांच सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर ती जवळजवळ पांच मिलिमीटर होते, आणि तिच्यांत नाणें उभें राहतें. म्हणून शिक्षक प्रथम समोरासमोरच्या दोन बाजू पाठीला पाठ लावून धरावयास सांगतो. त्या केसभरहि लहानमोठ्या असल्या, तर कोन कितीहि बिनचूक कापा, चौकट मिटत नाहीं. फट दिसली कीं ती लुकणानें भरण्याची बुद्धि प्रत्येकास होते; चांगला शिक्षक लुकणाचा डबा त्या दिवशीं दूर ठेवतो.

मग कांच. हिऱ्याच्या किंवा पोलादी चाकाच्या कलमानें कांचेवर एकदांच रेघ ओढावयाची. दुसऱ्यांदा त्याच रेघेवर कलम फिरविलें कीं कांच वाटेल तशी फुटते. येथें वर्गांत एक विशेष शांतता पसरते! पुढें मौंट. चित्राभोंवतींच्या पुठ्ठ्यांत खिडकी कापावयाची ती तिरक्या कडेची, आणि खालची बाजू वरच्या बाजूहून थोडी रुंद. चारी बाजू सारख्या ठेविल्या तर चित्र खालीं घसरल्याचा भास होतो. ज्यानें हें सारें हातानें केलें, तो कोणाच्या घरीं गेला म्हणजे प्रथम कोपऱ्यांकडे पाहतो, आणि यजमानांना वाटतें कीं चित्राकडे पाहत आहे.

परंतु मीं आरंभीं म्हटलें तो टिकण्याचा प्रश्न ह्यापुढें येतो, आणि माझ्या दृष्टीनें वर्गाचा खरा उपयोग येथेंच आहे. १८४० नंतरच्या दशकांत जर्मनींत लाकूड दळून त्याच्या लगद्याचा कागद करण्याची रीत निघाली आणि कागद-पुठ्ठा अतिशय स्वस्त झाला. हा पुठ्ठा कालांतरानें आम्ल सोडतो. जुन्या तसबिरींतून मौंट काढून पाहावा: खिडकीची तिरकी कड मूळची पांढरी, ती तपकिरी झालेली असते, आणि चित्रावर तिच्या लगत तशीच रेघ उठलेली असते. आपल्याकडील कित्येक जुन्या चौकटींत पुठ्ठाहि नाहीं. पाठीमागें पातळ फळ्या ठोकलेल्या, आणि त्यांच्या फटींच्या ओळी चित्राच्या तोंडावर पट्ट्यांच्या रूपानें उमटलेल्या. लाकडांत गांठ असेल तेथें देवीच्या गालावर डाग. फटींतून कसर आणि वाळवी शिरते ती वेगळी.

छायाचित्रांची दशा याहून वाईट. मौंट न घालतां कांच थेट छायाचित्रावर ठेवण्याची रीत सर्वत्र होती, कारण त्यांत पैसा वांचतो. कोंकणांतल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यांत कांचेच्या आंतल्या अंगाला ओल धरते, छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि कांचेला चिकटतो. पुढें कोणी हौसेनें चौकट बदलावयास गेला आणि त्यानें तें ओढून काढलें, तर कागद हातांत येतो आणि आजोबांचा चेहरा कांचेवर राहतो. त्या घरांत आजोबांचें तेवढें एकच छायाचित्र असलें, तर मग दुसरें कोठून आणावयाचें?

यांत दुकानदाराला दोष देण्यांत अर्थ नाहीं. ठरलेल्या पैशांत, संध्याकाळपर्यंत, चकचकीत दिसेल असें काम त्याच्याकडून आपण मागितलें आणि त्यानें तें दिलें. पन्नास वर्षांचा विचार करावयास त्याला कोणी पैसे दिले नव्हते. तो विचार ज्याची वस्तु आहे त्यानेंच करावयाचा. आणि तो करण्यास हौशी मनुष्यासारखा योग्य कोणी नाहीं, कारण त्याच्यापाशीं वेळ आहे आणि चित्राशीं त्याचें नातें आहे. सुती चिंध्यांचा आम्लरहित पुठ्ठा महाग पडतो, पण एका तसबिरीला लागतो तो किती? कांच आणि चित्र यांमध्यें मौंटाच्या जाडीचें अंतर राहिलें पाहिजे. चित्र पुठ्ठ्याला सपाट चिकटवूं नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें लावाव्या आणि चित्र त्यांच्यावर लोंबतें ठेवावें. उद्यां कोणास काढावयाचें झालें तर जरा ओलावा देतांच पट्ट्या सुटतात. आपल्या आज्या ज्या खळीनें पतंग आणि पोथ्यांचे पुठ्ठे चिकटवीत, तीच ही खळ, फक्त अधिक स्वच्छ आणि अगदीं पातळ लावलेली. पारदर्शक चिकटपट्टीचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. तिचा पिंवळा डाग कागदांत मुरला कीं निघणें दुरापास्त.

जुनी तसबीर उघडतांना ती उपडी घालून मऊ कापडावर ठेवावी, पाठीमागच्या चुका पकडीनें सरळ वर ओढाव्या, तिरक्या उचकटूं नयेत. छायाचित्र कांचेला चिकटलेलें दिसलें तर तेथेंच थांबावें, कांच व छायाचित्र एकत्रच ठेवावें आणि जाणत्याकडे न्यावें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत अशा जतनाच्या कामाचें केंद्र आहे. हें काम एक-दोन दिवसांच्या वर्गांत शिकण्याचें नव्हे. रविवर्म्याच्या चित्रांवर जर किंवा टिकल्या असतील तर त्या काढूं नयेत. त्या घरांतल्या कोणाच्या तरी हाताच्या आहेत. आणि फळ्यांच्या व चित्राच्या मध्यें बहुधा एखादा वर्तमानपत्राचा कागद घातलेला सांपडतो. तो आम्लाचा असल्यामुळें चित्रापाशीं परत ठेवावयाचा नाहीं, पण फेंकावयाचाहि नाहीं. त्यावरची तारीख पाहावी. ती तसबीर कोणत्या वर्षाच्या सुमारास भिंतीवर चढली, हें सांगणारा दुसरा कागद त्या घरांत बहुधा नसतो.